बाळंतिणीचं नाव पहिल्या यादीत लिहा : मदतकार्य ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी, मदतसंस्थांचे प्रमुख, देणगीदार आणि आपत्तीनंतरच्या पहिल्या बैठकीला टेबलाभोवती बसणारे सर्वजण,

स.न.वि.वि.

मी प्रसूती परिचारिका आहे. पुरातून, भूकंपातून, लढाईतून जीव घेऊन निघालेल्या माणसांच्या छावण्यांमध्ये काही वर्षं काम केलं आहे. तुमच्या बैठकींना मी हजर असायचे, पण भिंतीकडच्या खुर्चीवर. कोणी विचारलं तरच बोलायचं, अशी ती जागा. त्या खुर्चीवरून बोलायचं राहून गेलेलं आज लिहिते आहे.

पहिली बैठक कशी चालते ते मला पाठ झालं आहे. पाण्याचे टँकर किती, तंबू किती, धान्य किती दिवस पुरेल, मृतदेहांची व्यवस्था काय, साथ पसरू नये म्हणून काय करायचं. यातलं काहीही गाळा असं मी म्हणणार नाही. पण त्या यादीत बाळंतपण नसतं. हात वर करून विचारलं की उत्तर येतं, "ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आधी जीव वाचवू, मग बाकीचं बघू, असा त्याचा सरळ हिशोब असतो. बाळंतपण 'बाकीच्या'त कधी गेलं आणि कोणी घातलं, एवढं मात्र मला कोणी सांगितलेलं नाही.

आपत्तीत सगळंच अंदाजाने चालतं. उद्या आणखी किती माणसं येतील, रस्ता कधी खुला होईल, पाऊस थांबेल की नाही, काही सांगता येत नाही. बाळंतपणांचा आकडा मात्र पहिल्याच संध्याकाळी कागदावर मांडता येतो. स्थानिक जन्मदर हाताशी नसेल तर वर्षाला लोकसंख्येच्या ४ टक्के जन्म धरायचे, ही मदतकार्यातली रुळलेली पद्धत आहे. ५० हजारांची छावणी घ्या. वर्षाला २ हजार जन्म, महिन्याला सुमारे १६६, म्हणजे दिवसाला पाच ते सहा. गर्भवतींपैकी साधारण १५ टक्क्यांना जिवावर बेतणारी गुंतागुंत होते असं धरलं जातं. म्हणजे महिन्याला पंचवीस जणी. सिझरची गरज कमीत कमी ५ टक्के धरली तरी महिन्याला आठ शस्त्रक्रिया. सकाळच्या बैठकीतून उठून तुम्ही संध्याकाळच्या बैठकीला याल, तोवर त्या छावणीत दोन-तीन बाळं जन्मलेली असतील. मोठ्या आपत्तींतही ही गणितं झाली आहेत. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर बाधित भागात सुमारे १ लाख २६ हजार गर्भवती असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीने दिला होता. २०२२ च्या पाकिस्तानातल्या पुरात तो आकडा साडेसहा लाख होता आणि त्यातल्या ७३ हजार जणी पुढच्या महिन्याभरात बाळंत होणार होत्या. तेव्हा "कल्पना नव्हती" हे कारण इथे चालणार नाही.

आता एका रात्रीबद्दल सांगते. छावणी कोणती, साल कोणतं, हे मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं निष्काळजी नव्हती, आणि कोणा एकावर बोट ठेवून हा प्रश्न मिटत नाही.

दुसरेपणाची बाई होती. कळा संध्याकाळी सुरू झाल्या, रात्री साडेअकराच्या सुमारास मुलगी झाली. रडली, रंग चांगला होता. वार पूर्ण पडली, मी उलटसुलट करून पाहिली. सगळं नीट झालं असं वाटेपर्यंत अंगाखालच्या प्लास्टिकवर रक्त साचायला लागलं होतं. गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं. गर्भाशय आवळेना. दुसरं दिलं. ती औषधं नऊ दिवस पत्र्याच्या छपराखाली पडून होती. खोक्यावर २ ते ८ अंश असं स्पष्ट छापलेलं होतं आणि हातात घेतलेली कुपी मला कोमट लागत होती. रक्त थांबवायच्या गोळ्या आमच्यापर्यंत आलेल्याच नव्हत्या. मी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं होतं, तिची सासू टॉर्च धरून उभी होती. गाडी एकच, कार्यालयापुढे लावलेली. चावी ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर कुंपणाबाहेर मुक्कामाला. रात्री गाडी काढायला ज्यांची परवानगी लागायची त्यांचा फोन लागत नव्हता. चावी हातात आली तेव्हा पावणेदोन तास झाले होते. मधेच तिने मला विचारलं, "बाळावर पांघरूण घातलंय ना?" ती शेवटचं बोलली ते एवढंच. फाटकातून निघालो आणि फार लांब गेलो नाही.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव सुरू झाला आणि काहीच मदत मिळाली नाही, तर मृत्यूपर्यंतचा वेळ सरासरी २ तास धरला जातो. अडलेल्या बाळंतपणात हा वेळ सुमारे ३ दिवस असतो, जंतुसंसर्गात ६ दिवस. तुमच्या यादीतल्या बाकी गोष्टींशी ताडून बघा. तंबू उद्या आला तर रात्र वाईट जाते. धान्य परवा आलं तर लोक उपाशी राहतात, चिडतात, पण बहुतेक जण तगतात. दोन तासांची मुदत तुमच्या यादीत आणखी कशाला आहे? म्हणून मी म्हणते, हे काम पहिल्या टप्प्याचंही पहिलं काम आहे.

आणि यासाठी नवं काही शोधून काढायचं नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. १९९४ साली कैरोला लोकसंख्या आणि विकासाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, त्यात विस्थापितांच्या प्रजनन आरोग्याची गरज मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन संकटातल्या प्रजनन आरोग्यासाठी कार्यगट उभा राहिला. त्यातून किमान प्राथमिक सेवांचा एक संच ठरला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून छावण्यांत काम करणारे त्याला नुसतं 'मिस्प' म्हणतात. शक्य तिथे आपत्ती सुरू झाल्यापासून ४८ तासांत त्याची अंमलबजावणी सुरू व्हावी, असं त्यात म्हटलेलं आहे. मदतकार्याची किमान मानकं ठरवणाऱ्या स्फिअरच्या पुस्तिकेतही २००४ पासून तो आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या कार्यालयात ही पुस्तिका कपाटात असेल.

या संचातलं पहिलं कलम औषधाचं नाही. या कामाची जबाबदारी घेणारी एक संस्था आणि एक माणूस आधी ठरवा, असं ते सांगतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. त्या रात्री मला इंजेक्शन हवं होतं हे खरं, पण त्याहून जास्त हवा होता तो फोन उचलणारा कोणीतरी, ज्याचं कामच हे आहे. पाण्याचा प्रमुख असतो, निवाऱ्याचा प्रमुख असतो, आणि बाळंतपण 'आरोग्य' या मोठ्या पिशवीत तळाशी जातं. त्या पिशवीत वरती जखमी असतात, गोवर असतो, कॉलरा असतो. तळापर्यंत हात जाईपर्यंत आठवडे गेलेले असतात.

या सेवांना लागणाऱ्या सामानाचेही संच तयार असतात, क्रमांकासह. दोन क्रमांकाच्या संचात बाईच्या हातात द्यायची छोटी पिशवी असते. साबण, अंगाखाली अंथरायचं प्लास्टिक, नवं ब्लेड, नाळ बांधायची दोरी, हातमोजे, बाळाला पुसायला आणि गुंडाळायला सुती कापड. ही पिशवी दवाखान्यात साठवून ठेवण्याची वस्तू नाही. पोट दिसणाऱ्या प्रत्येक बाईला ती नोंदणीच्याच वेळी द्यायची असते, कारण रस्ता बंद असेल, रात्र असेल, बाहेर गोळीबार चालू असेल, तर ती जिथे आहे तिथेच बाळंत होणार. "पिशव्या वाटल्या तर बायका दवाखान्यात येणारच नाहीत," ही शंका मी अनेकदा ऐकली. दवाखाना चालू असेल, वाटेत उजेड असेल आणि आत बाई माणूस असेल तर बायका येतात. नसेल, तर पिशवी न देऊन त्या येत नाहीत, फक्त नाळ गंजक्या ब्लेडने कापली जाते. सहा क्रमांकाचा संच दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी, अकरा क्रमांकाचा शस्त्रक्रियेच्या रुग्णालयासाठी, बारा क्रमांकाचा रक्त देण्यासाठी. मागणीपत्रावर हे क्रमांक लिहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं पहिल्या दिवशी काढायची की पंचविसाव्या, एवढंच तुमच्या हातात आहे.

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बैठकीत यावर बोलायला वेळ मिळत नाही. ऑक्सिटोसिन थंड राहिलं नाही तर त्याची ताकद कमी होते, आणि वरून बघून ते कळत नाही. देणाऱ्या हाताला वाटतं औषध दिलं, पण गर्भाशयाला त्यातलं फारसं पोचलेलं नसतं. गोवराच्या लसींसाठी तुम्ही छावणीत शीतपेट्या आणि फ्रिज आणताच. त्याच फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिन ठेवता येतं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लोकसंख्या निधी यांनी एकत्र निवेदन काढून ऑक्सिटोसिन लसींच्या शीतसाखळीत सामावून घ्या असं सांगितलं. तरीही लसीकरणाचा फ्रिज वेगळ्या खात्याचा म्हणून आमचं खोकं बाहेर राहतं. एक कप्पा मागते आहे, त्यासाठी निधी लागत नाही. जिथे फ्रिज येणारच नाही तिथे उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आहे. दहा देशांतल्या जवळपास ३० हजार बायकांवर त्याची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठी वापरायच्या औषधांत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. रक्त थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत. रक्तस्राव होत असताना, बाळ जन्मल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तर जीव वाचवणारं ट्रॅनेक्झामिक आम्ल आहे. गर्भारपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि ते झटके येण्याचा धोका निम्म्यावर आणतं हे २००२ पासून माहीत आहे.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी ठरवणं फसवं असतं, आणि टॉर्चच्या उजेडात, गडद कापडावर तर फारच. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, दोन लाखांहून अधिक बायकांचा समावेश असलेल्या अभ्यासात एक साधी गोष्ट करून पाहिली. बाळंतिणीच्या अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत पोचलं की एकामागून एक न करता सगळे उपाय एकदम सुरू करायचे. गंभीर रक्तस्रावासारखे वाईट परिणाम ६० टक्क्यांनी घटले. खुणा असलेल्या पिशवीने! मी हे वाचलं त्या दिवशी मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं शांत देशातल्या रुग्णालयांत ठीक, छावणीत जमत नाही. जमलं आहे. पाकिस्तानातल्या हंगू जिल्ह्यात अफगाण निर्वासितांच्या छावण्यांमध्ये तातडीच्या प्रसूतीसेवा नीट उभ्या केल्या, प्रत्येक मृत्यूची छाननी केली, बायकांना धोक्याच्या खुणा शिकवल्या. २००० साली दर लाख जिवंत जन्मांमागे २९१ असलेले मातामृत्यू २००४ पर्यंत १०२ वर आले. पूर्व म्यानमारमध्ये तर छावणीसुद्धा नव्हती, लोक जंगलात लपत फिरत होते. तिथे त्यांच्यातल्याच बायकांना आणि पुरुषांना प्रशिक्षण देऊन, पाठीवरच्या पिशवीत औषधं घेऊन पाठवलं. प्रशिक्षित माणूस हजर असलेल्या बाळंतपणांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांत जवळजवळ ४९ टक्क्यांवर गेलं. यातून मी एक शिकले. विमानाने येणारी डॉक्टर मंडळी येईपर्यंत थांबू नका. विस्थापितांच्या रांगेतच सुइणी असतात, परिचारिका असतात, शिकत असलेल्या मुली असतात. नोंदणीच्या टेबलावर फक्त एक प्रश्न वाढवा, "तुम्ही काय काम करत होता?" मग त्यांना कामाला लावा आणि पगार द्या. आठ-आठ महिने मानधनाविना रात्रपाळ्या करणाऱ्या सुइणी मी पाहिल्या आहेत, आणि त्याला तुम्ही 'सामुदायिक सहभाग' म्हणता.

बाळाबद्दल बोलायचं तर मला हे पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल, इतकं ते मागे पडतं. आईची निदान आठवण होते. पोटातून बाहेर आलेलं बाळ 'पाच वर्षांखालील मुलं' या रकान्यात जातं, आणि त्या रकान्यासाठी आलेलं सामान असतं गोवराची लस, जुलाबाची पावडर आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी. एका दिवसाच्या बाळाला यातलं काय कामाचं? त्याला पहिल्या मिनिटात श्वास घ्यायला लावणारा हात हवा. दहातलं साधारण एक बाळ श्वास सुरू करायला मदत मागतं. बहुतेकांना कोरडं करून पाठ चोळली तरी पुरतं, थोड्यांना पिशवी आणि मास्कने हवा द्यावी लागते. तो मास्क नवजात बाळाच्या मापाचा असावा लागतो. मोठ्यांचा मास्क बाळाचा अख्खा चेहरा झाकतो आणि हवा कडेने निघून जाते. हे मी लिहिते आहे कारण मला तो तसा मिळाला होता.

मोठ्या मनाने लोक इनक्युबेटर पाठवतात. वीज नसलेल्या तंबूत त्याचं कपाट होतं. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ साली एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. आपण त्याला कांगारू पद्धत म्हणतो. गरिबांचा तोडगा म्हणून अनेक वर्षं तिच्याकडे पाहिलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी घेतलं तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात असं दिसलं, आणि २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तशीच आहे. यासाठी वीज लागत नाही. पण आईला लागणाऱ्या काही गोष्टी आहेत. टेकायला जागा, आडोसा, पोटभर जेवण, भरपूर पाणी, आणि ती बाळाला धरून बसली असताना रेशनच्या रांगेत तिच्यासाठी उभं राहणारं कोणीतरी. रांगेत स्वतः हजर राहिल्याशिवाय धान्य नाही, असा नियम तुम्ही करता तेव्हा ती बाळ सोडून उठते.

आता दुधाच्या डब्यांविषयी. त्या रात्रीची मुलगी जगली. तिसऱ्या दिवशी छावणीत लहान मुलांच्या दुधाच्या डब्यांचा ट्रक आला. कोणीतरी दान दिलं होतं. बाळ असलेल्या प्रत्येक घराला डबा मिळाला. अंगावर पाजणाऱ्या आयांनाही मिळाला, आणि "डब्यातलं जास्त चांगलं असणार, म्हणूनच बाहेरून आणलं" असं त्या आपसात बोलू लागल्या. ज्या एका बाळाला खरोखर गरज होती, त्याच्या आजीलाही तसाच डबा मिळाला. उकळायला सरपण नाही, भांडं नाही, वाडगा-चमचा नाही, किती पाण्यात किती पावडर ते दाखवणारं कोणी नाही. शेवटी पलीकडच्या तंबूतल्या एका बाईने त्या मुलीला आपल्या बाळाबरोबर पाजलं. इंडोनेशियातल्या २००६ च्या योग्याकार्ता भूकंपानंतर हेच मोजून पाहिलं गेलं. दानात आलेलं डब्याचं दूध मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण २५.४ टक्के होतं, न मिळालेल्यांत ११.५ टक्के. देणगीदारांनो, तुमचं मन मी जाणते. पण डबे पाठवू नका. ज्यांना आई नाही किंवा जिचा पान्हा आटला आहे, त्यांच्यासाठी मोजकं दूध, पाणी, इंधन आणि रोज घरी येऊन बघणारी व्यक्ती असं एकत्र हवं. बाकीच्या आयांना एक शांत तंबू द्या. घाबरलेल्या बाईचं दूध आटत नाही, फक्त ते उतरायला वेळ लागतो. तिच्याजवळ बसून हे सांगणारी एक बाई असली तर बहुतेकींचं काम होतं.

जबरदस्ती झालेल्या बायका, गर्भपाताच्या गुंतागुंतीने येणाऱ्या मुली, दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या मागणाऱ्या, यांच्यासाठीही याच 'मिस्प'मध्ये तरतूद आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळायचं औषध ७२ तासांत आणि तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या १२० तासांत द्याव्या लागतात, एवढं सांगितलं तरी हेही 'दुसऱ्या टप्प्या'चं काम नाही हे तुम्हाला कळेल.

तुमच्यातले काही सरकारं चालवतात, सैन्यं चालवतात. त्यांच्यासाठी एक परिच्छेद. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात गर्भवतींना विशेष संरक्षण आहे, बाळंतिणींना सांभाळणाऱ्या रुग्णालयांवर हल्ला करायला बंदी आहे, आणि गर्भवती व बाळंतिणींसाठीचं अन्न, कपडे, औषधं जाऊ द्यावीत असंही कलम आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने तर बाळंतिणी आणि नवजात बाळांना 'जखमी आणि आजारी' या व्याख्येतच घेतलं. म्हणजे धडधाकट बाळंतीणसुद्धा युद्धाच्या कायद्यात जखमी सैनिकाइतकीच संरक्षित आहे. कोणीतरी विचार करून, शब्द तोलून ते लिहिलं असणार. २०२० च्या मे महिन्यात काबूलच्या दश्त-ए-बर्ची प्रसूती विभागात बंदूकधारी शिरले आणि २४ जणांना मारलं, त्यांत १६ माता होत्या. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधल्या मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बाँब पडला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गाझातल्या शिफा रुग्णालयात वीज गेली, अपुऱ्या दिवसांची बाळं इनक्युबेटरमधून काढून एका पलंगावर शेजारी शेजारी ठेवावी लागली, आणि १९ तारखेला त्यातली ३१ तिथून हलवता आली. सुरक्षा परिषदेने रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २२८६ क्रमांकाचा ठराव २०१६ सालीच केला होता. बाजू कोणतीही घ्या, हे तुमच्या सहीचे कागद आहेत.

जगात २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार बायका गर्भारपणात किंवा बाळंतपणात गेल्या. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू संघर्षग्रस्त किंवा डळमळीत व्यवस्थेच्या देशांतले होते. आणि २०२५ मध्ये मोठ्या देणगीदार देशांनी परदेशी मदतीला कात्री लावली, तेव्हा सुइणींचे पगार आणि प्रसूती विभाग हेही कापल्या गेलेल्या खर्चांत होते. ज्यांनी ती कात्री चालवली त्यांनी मघाचा, महिन्याला पंचवीस गुंतागुंती आणि आठ सिझरचा हिशोब एकदा आपल्या हाताने करावा.

आणखी एक छोटी गोष्ट. छावणीतल्या माझ्या नोंदवहीत मृत जन्मलेल्या बाळांसाठी रकाना नव्हता. छापील वहीत 'जिवंत जन्म' होता आणि 'मृत्यू' होता, पण मृत्यूच्या रकान्यात वय लिहावं लागे. जगात दरवर्षी साधारण १९ लाख बाळं मृत जन्मतात. मी पट्टी घेऊन पेनने एक रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'रडलं नाही'. महिन्याच्या अहवालात तो रकाना कोणी उतरवून घेतला नाही. तुमच्या छापील नमुन्यात ती रेघ ओढा. ज्या आईने नऊ महिने वाट पाहिली आणि रिकाम्या हाताने तंबूत परतली, तिला निदान दोन दिवस दुसऱ्या बाळंतिणींपासून वेगळी जागा द्या.

पुढची आपत्ती येईल आणि तुमची बैठक भरेल. पाणी, तंबू, धान्य सगळं बोलून झालं की, किंवा माझं ऐकाल तर त्याआधी, समोर बसलेल्यांना विचारा. आज रात्री इथे किती जणी बाळंत होणार आहेत? त्यांच्यापाशी कोण असेल? ऑक्सिटोसिन कोणत्या फ्रिजमध्ये आहे? सिझर कुठे होतं, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि रात्री रस्त्यात कोण अडवतं? गाडी कोणती? तिची चावी कोणाकडे आहे? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, आणि त्याला सांगा की रात्री फोन बंद ठेवायचा नाही.

कळावे,

आपली,
छावण्यांमध्ये काम केलेली एक प्रसूती परिचारिका